जुलाबात आतड्याला ‘विश्रांती’ द्यावी का? संप्रेरके आणि लहान आतड्यातील शोषण

परळची_बाई
८ जुलै, रात्री ९:२०

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला परवा रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. काल दुपारी मी वर गेले तेव्हा तो आईच्या मांडीवर मलूल पडला होता, ओठ सुकले होते आणि सकाळपासून दोन-तीन चमचे पाण्याखेरीज त्याच्या पोटात काहीही गेलेले नव्हते. “काही दिलं की लगेच बाहेर पडतं, म्हणून पोटाला जरा विश्रांती दिलीय, बाई,” असे त्याची आई म्हणाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणवली, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ती पूर्ण विरघळवली आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा असे पाजत बसलो. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला तपासले, दिव्याच्या वेळेला लघवी झाली आणि रात्री त्याने चार घास दहीभात खाल्ला. आज तो ठीक आहे.

त्या माउलीला मी दोष देत नाही, कारण हा समज घराघरांत आहे. परिचर्या शिकणाऱ्या मुलींना मी अठ्ठावीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले, त्यांतल्याही कितीतरी जणी हाच समज घेऊन वर्गात येत असत. आतडे हे स्पंजासारखे असते, ते बिघडले की काही शोषत नाही, म्हणून त्यात काही घालू नये, असा तो विचार असतो. मला येथे मांडायचे आहे ते असे की आतडे स्पंज नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्यात क्षणोक्षणी ठरत असते आणि ते ठरवणारे बरेचसे निरोप अन्नाच्या स्पर्शानेच सुटतात.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. प्रौढ माणूस दिवसाला साधारण २ लिटर पाणी व पातळ पदार्थ घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्तरस, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून सुमारे ७ लिटरची भर पडते. या ९ लिटरांपैकी बहुतेक सगळे लहान आतडे परत घेते, मोठ्या आतड्यापर्यंत दीड-दोन लिटर पोहोचते आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर जाते. म्हणजे आतड्यातले बहुतांश पाणी आपलेच असते. जुलाबात ‘दिलेले बाहेर पडते’ असे वाटते खरे, पण पोटात काही गेले की मोठे आतडे हलते आणि आधीच साचलेले बाहेर येते. मुलाला काहीही दिले नाही तरी त्याचे स्वतःचे रस वाहून जातच राहतात.

आता हे पाणी परत कसे घेतले जाते? पाणी ओढणारा पंप शरीरात कोठेही नाही. पाणी क्षारांच्या मागे जाते. शोषक पेशींच्या पृष्ठभागावर एक वाहक प्रथिन असते, ते ग्लुकोजचा एक आणि सोडियमचे दोन कण एकदमच आत घेते, पेशीच्या मागच्या बाजूचा पंप ते सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि पाणी त्यामागोमाग जाते. सोडियम व ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये प्राग येथे मांडली आणि ओआरएसचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. परंतु याच वेळी रसांकुरांच्या, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या, तळाशी असलेल्या खाचांमधल्या पेशी क्लोराइड बाहेर सोडत असतात आणि त्यामागे पाणी आतड्याच्या पोकळीत उतरत असते. शोषण आणि स्रवण ही दोन पारडी सतत वरखाली होत असतात. सिरोटोनिन, ग्वानिलिन आणि आतड्याच्या मज्जातंतूंतून सुटणारे व्हीआयपी ही निरोप नेणारी द्रव्ये स्रवणाचे पारडे जड करतात, तर पीवायवाय आणि सोमॅटोस्टॅटिन ते हलके करतात. यांतली पुष्कळशी संप्रेरके (हॉर्मोन) बनवणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात शंभरात एखादी अशा विखुरलेल्या असतात. त्यांच्या टोकाला अन्नरस चाखणारे ग्राही असतात. ‘चाखणारे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही, कारण जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहींसारखेच ग्राही येथेही सापडतात.


आजोबांचा_खल
८ जुलै, रात्री १०:०५

बाई, आपले लेखन नेहमीप्रमाणे मन लावून वाचले. माझे आजोबा गिरगावात वैद्यकी करत असत आणि ज्वर असो वा अतिसार, त्यांचा पहिला शब्द ‘लंघन’ हाच असे. मी आधुनिक शास्त्र नाकारत नाही, परंतु माझी शंका प्रामाणिक आहे. अतिसारात आतड्याचे अस्तर दुखावलेले असते, पाचक रस कमी पडतात, न पचलेले अन्न आंबते आणि त्यानेच आणखी पाणी सुटते, हे तर आपल्या शास्त्रालाही मान्य असेल. मग दुखावलेल्या पायाला जशी विश्रांती द्यायची तशी आतड्याला का देऊ नये? एक मात्र आठवते. आजोबांच्या लंघनानंतर लगेच पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग मुगाचे यूष (कढण) असा क्रम असे, आणि मूल अंगावर पीत असेल तर ते तोडायचे नाही अशी त्यांची सक्त ताकीद असे.


परळची_बाई
९ जुलै, सकाळी ७:४०

आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचा एक भाग मला मान्यही आहे. विषाणूने रसांकुरांची टोके झडली की दुधातली साखर पचवणारे विकर तेवढे दिवस कमी पडते, म्हणून काही मुलांना वरचे दूध सोसत नाही. आईच्या दुधाबाबतीत आपल्या आजोबांची ताकीद आजही तशीच लागू आहे. ‘लंघन’ या शब्दाने घरोघरी ‘काहीच नाही’ असा जो अर्थ धरला गेला त्याच्याशी माझे भांडण आहे, पेया-विलेपीच्या क्रमाशी मुळीच नाही. भाताच्या पेजेत पिष्ट असते, ते आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते, आणि चवीपुरते मीठ घातले की सोडियमही येते. आजोबांची पेया आणि आजची ओआरएस यांत मला विरोध दिसत नाही.

पण दुखावलेल्या पायाची उपमा येथे चालत नाही. पायाचे हाड स्थिर ठेवले की जुळते. आतड्याचे अस्तर मात्र तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवे होत असते आणि ही नवी भरती होण्यासाठी त्याला अन्नाचा स्पर्श लागतो. शेषांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि मोठ्या आतड्यात ‘एल’ पेशी असतात. अन्नरस पोहोचला की त्या जीएलपी-२ नावाचे संप्रेरक सोडतात. त्याने आतड्याचा रक्तपुरवठा वाढतो, रसांकुर उंच होतात आणि शोषणाचा पृष्ठभाग वाढतो. आतडे वाढवण्याचा त्याचा हा गुण टोरांटो येथील डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६मध्ये दाखवला. उलट, ज्यांना दीर्घकाळ तोंडावाटे काहीच न देता केवळ शिरेतून पोषण द्यावे लागते, त्यांच्या आतड्याचे अस्तर पातळ होत जाते. एवढेच नव्हे, तर आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, मेद न पोहोचल्यामुळे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटत नाही, पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तेथेच साचून घट्ट होते आणि खडे धरतात. रुग्ण पूर्ण विश्रांती घेत असतो आणि त्या विश्रांतीनेच पित्ताशय आजारी पडते.

याहून बोलके उदाहरण २००६मध्ये समोर आले. न्यूरोजेनिन-३ या जनुकातील दोषामुळे तीन मुलांच्या आतड्यात संप्रेरके बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. अन्न शोषणाऱ्या पेशी होत्या, तरीही जन्मापासून त्यांना दूध-अन्नाने तीव्र जुलाब होत आणि शिरेतून पोषण द्यावे लागले. शंभरातल्या त्या एका पेशीवाचून उरलेल्या नव्याण्णव पेशींना आपले काम धड करता आले नाही. पुढे २०२०मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी अशाच पेशीविहीन उंदरांवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या ऊतीवर काम केले. पीवायवाय नसल्यामुळे व्हीआयपीला आवर घालणारे कोणी उरत नाही आणि सोडियम-क्लोराइडची ने-आण बिघडते, असे त्यांना आढळले. उंदरांना बाहेरून पीवायवाय दिल्यावर शोषण सुधारले आणि अधिक उंदीर जगले. हा प्रयोग वाचला त्या दिवशी मी निवृत्त होऊन बराच काळ झाला होता आणि वर्गात शिकवायला आता मुली समोर नाहीत याची फार खंत वाटली.


मुलुंड_पूर्व
९ जुलै, दुपारी २:१५

बाई, मी येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. गेल्या नोव्हेंबरात माझ्या यजमानांच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली आणि त्यांचे बहुतेक लहान आतडे काढावे लागले. सुमारे ११० सेंटिमीटर उरले आहे, ते पोटावर काढून पिशवी लावली आहे, आणि मोठे आतडे आत तसेच आहे, पण जोडलेले नाही. घरी सोडताना एवढेच सांगण्यात आले की शरीरातले पाणी कमी होऊ नये म्हणून भरपूर पाणी पाजा. त्याप्रमाणे मी फिल्टरचे पाणी दिवसाला चार-चार लिटर दिले, सकाळ-संध्याकाळ शहाळे दिले. पण जितके पाजावे तितकी पिशवी लवकर भरते. मी मोजपात्राने मोजून वहीत लिहिते, दिवसाला ३ लिटरच्या खाली आकडा येत नाही. रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात, लघवी कमी आणि गडद होते, वजन ११ किलो उतरले आहे आणि तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले आले. पाणी प्यायल्याने पाणी कमी होते, हे मला कोणी समजावून सांगेल का?


वॉर्डातली_सिस्टर
९ जुलै, रात्री ८:५०

ताई, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी एकोणीस वर्षे आहे आणि आपण लिहिलेले चित्र मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. आपल्याला दिलेला सल्ला सामान्य माणसाला बरोबर आहे, पण ज्यांचे मध्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा मधला भाग, पोटावर उघडते त्यांना तो उलटा लागू पडतो.

लहान आतड्याचा वरचा भाग फार सच्छिद्र असतो. तेथे साधे पाणी पोहोचले की त्यात सोडियम नसल्याने रक्तातले सोडियम पोकळीत झिरपते आणि त्यामागे पाणीही जाते. नेहमीच्या माणसात पुढचे आतडे ते परत घेते. आपल्या यजमानांना पुढचे आतडे जोडलेलेच नाही, म्हणून ते सगळे पिशवीत येते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम फार थोडे असते, त्यामुळे तेही पाण्यासारखेच वागते. चहा आणि फळांचे रस यांचीही गत तीच. अशा रुग्णांना लिटरमागे निदान ९० मिलिमोल सोडियम असलेले द्रावण घोट-घोट द्यावे लागते. बाजारातल्या डब्ल्यूएचओ सूत्राच्या ओआरएसमध्ये ते ७५ असते, म्हणून त्यात किती मीठ वाढवायचे हे आपल्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या, अंदाजाने घालू नका. साधे पाणी व चहा मिळून दिवसाला बहुधा अर्धा ते एक लिटरच ठेवतात. जेवताना पाणी द्यायचे नाही, जेवणात मीठ नेहमीपेक्षा जास्त घालायचे, आणि आतड्याची गती मंद करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. तहान फार लागेल, ती सोसणे हाच यातला सर्वांत कठीण भाग आहे. आम्ही द्रावण फ्रीजमध्ये गार करून देतो, त्याने चव थोडी सुसह्य होते.

क्रिएटिनिन वाढले आहे, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आहे, म्हणून हे सगळे या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. मॅग्नेशियमही तपासायला सांगा, पिंढऱ्यांतल्या गोळ्यांचे ते एक कारण असते.


परळची_बाई
१० जुलै, सकाळी ६:५५

सिस्टरांनी जे लिहिले त्याला मी केवळ संप्रेरकांची बाजू जोडते, कारण मुलुंडच्या ताईंच्या पुढच्या निर्णयाशी तिचा संबंध आहे.

शेषांत्रात मेद पोहोचला की एल पेशी पीवायवाय आणि जीएलपी-१ सोडतात आणि त्यांच्यामुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. याला शेषांत्राचा ब्रेक असे म्हणतात. पुढे न पचलेले अन्न आले, तेव्हा मागून येणाऱ्याने हळू यावे, असा तो निरोप असतो. आपल्या यजमानांचे शेषांत्र गेल्याने हा निरोप पाठवणारेच नाहीत. अन्न आणि पाणी जठरातून भरभर उतरते आणि शोषणाला वेळ मिळत नाही. त्यात पहिले काही महिने जठरात आम्ल जास्त बनते. पाण्याचे प्रमाण त्याने वाढतेच, शिवाय त्या आम्लाने स्वादुपिंडाचे मेद पचवणारे विकर निष्प्रभ होते. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टर देतात ती यासाठी, केवळ छातीतल्या जळजळीसाठी नव्हे. शेषांत्राखेरीज ब-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार अन्यत्र नीट शोषले जात नाहीत, म्हणून ब-१२ची इंजेक्शने आयुष्यभर लागतील.

आता आशेची गोष्ट. मोठे आतडे शाबूत आहे असे आपण लिहिले आहे. त्यातही एल पेशी भरपूर असतात. ते पुन्हा जोडता आले तर तीन लाभ होतात: ते स्वतः पाणी व सोडियम परत घेते, न पचलेल्या पिष्टापासून तेथले जिवाणू जे मेदाम्ल बनवतात त्यातून काही ऊर्जा मिळते, आणि जीएलपी-२ व पीवायवाय पुन्हा सुटू लागतात. मोठे आतडे जोडलेल्या रुग्णांचे उरलेले लहान आतडे जास्त चांगले जुळवून घेते. जोडणी केव्हा शक्य होईल हे आपल्या शल्यचिकित्सकांना स्पष्ट शब्दांत विचारा.

जीएलपी-२ वरून बनवलेले टेड्युग्लुटाइड नावाचे औषधही आहे. मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच तोडले जाते. त्यातले एक अमिनो आम्ल बदलून ते टिकाऊ करण्यात आले आणि अमेरिकेत २०१२मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याने कित्येक रुग्णांचे शिरेतले पोषण कमी करता आले. ते फार महाग आहे, आणि वाढीचे संप्रेरक असल्याने आतड्यात कर्करोग किंवा गाठी नाहीत याची खात्री करूनच ते देतात.


नोकरदार_कांदिवली
१० जुलै, रात्री ११:३०

मधुमेह आणि वजन यांसाठी मी जीएलपी-१ गटातले साप्ताहिक इंजेक्शन घेतो. वरील चर्चेवरून एक प्रश्न पडला. हे औषध तोच ब्रेक लावत असेल तर माझे जीवनसत्त्वांचे व पाण्याचे शोषणही कमी होत असेल का?


निवासी_डॉक्टर_०७
११ जुलै, पहाटे १:१०

थोडक्यात उत्तर देतो. हे औषध जठर रिकामे होण्याचा वेग मंद करते आणि मेंदूतील तृप्तीची जाणीव वाढवते, शोषणाची यंत्रणा ते बंद करत नाही. कमतरता झाली तर ती बहुधा खाणेच कमी झाल्याने होते, म्हणून प्रथिने आणि पालेभाज्या यांकडे लक्ष द्या. मळमळ, उलट्या किंवा जुलाब होऊन पाणी कमी पडू शकते. दुपारच्या उन्हात लोकलने प्रवास करून घरी येणाऱ्याने ते विशेष जपावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल आठवणीने सांगा, कारण उपाशी असूनही जठरात अन्न असू शकते.

बाईंनी व्हीआयपीचा उल्लेख केला, त्यावर दोन शब्द लिहितो. १९५८मध्ये व्हर्नर आणि मॉरिसन यांनी स्वादुपिंडाच्या गाठीसह तीव्र पाणीदार जुलाब होणारे रुग्ण नोंदवले. तेव्हा व्हीआयपी हा पदार्थ कोणाला ठाऊकही नव्हता. त्या गाठी व्हीआयपी ओततात हे पुढे उलगडले. रुग्णाला दिवसाला कित्येक लिटर जुलाब होतात आणि उपाशी ठेवले तरी थांबत नाहीत. आजोबांचा_खल यांच्या प्रश्नाचे हे एक टोकाचे उत्तर आहे: स्रवणाचे पारडे जड असेल तर उपवासाने जुलाब थांबत नाही. पटकीतही (कॉलऱ्यात) हेच घडते. तिचे विष पेशीतले सीएएमपी हे निरोप नेणारे द्रव्य वाढवते, क्लोराइडचे दार उघडे राहते आणि पाणी ओतले जाते. हे विष असते हे कोलकात्यात शंभुनाथ दे यांनी १९५९मध्ये सशाच्या आतड्यावर सिद्ध केले. परंतु त्याच विषाने ग्लुकोज-सोडियमचे दार बंद होत नाही, आणि म्हणूनच १९७१मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनाबीस ओआरएसवर हजारो रुग्ण वाचवू शकले.

सध्या आमच्याकडे रोज जुलाबाची मुले येत आहेत. निम्म्या घरांत पुडी पेलाभर पाण्यात थोडी-थोडी घालून दिलेली असते, किंवा टेट्रापॅकमधले गोड पेय ओआरएस समजून पाजलेले असते. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. २००२पासूनच्या सूत्रात ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असे मुद्दाम बरोबरीने ठेवलेले आहेत. पुडी पूर्ण आणि पाणी पुडीवर लिहिले आहे तेवढेच, यात घरगुती अंदाज नको. जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी.


आजोबांचा_खल
११ जुलै, सकाळी ९:००

उत्तर मिळाले आणि पटले. घरी धाकट्या सुनेला आजच सांगितले की नातवाचे पोट बिघडले तर पेज पहिल्याच दिवशी सुरू करायची.


मुलुंड_पूर्व
२ ऑगस्ट, रात्री १०:२५

बाई आणि सिस्टर, आपण लिहिल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी द्रावणाचे प्रमाण लिहून दिले, मॅग्नेशियम कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली. साधे पाणी दिवसाला अर्धा लिटर, तेही चमच्याने. पहिले चार दिवस त्यांनी पाण्यासाठी माझ्यामागे जो लकडा लावला तो आठवला तरी डोळ्यांत पाणी येते. पण वहीतले आकडे सांगते: २८०० मिलिलिटर, मग २३००, मग २१००, आणि गेला आठवडाभर १७०० ते १८००च्या मध्ये आहेत. क्रिएटिनिन उतरले, वजन दीड किलोने वाढले. परवा रात्री ते पहिल्यांदाच सलग पाच तास झोपले, पिशवी रिकामी करायला उठावे लागले नाही. मोठे आतडे जोडण्याविषयीही विचारले. दिवाळीनंतर तपासण्या करून ठरवू असे शल्यचिकित्सक म्हणाले आहेत.